आल्कोचं एस-2: रंग अनेक रेल्वेंचे, साचा एकच

आल्को या अमेरिकन कंपनीच्या एस-2 या शंटिंग (यार्डात डबे हलवणाऱ्या) डिझेल इंजिनाचं एचओ मापाचं मॉडेल बरेच महिने चालवतोय, आता त्याबद्दल लिहायला हरकत नाही. एचओ म्हणजे 1:87. खरं इंजिन साधारण 45 फूट, त्यामुळे हातात येतं ते सव्वासहा इंचांचं. डीसीसी (रुळांतून प्रत्येक इंजिनाला वेगळे हुकूम देणारी डिजिटल यंत्रणा) आणि आवाजासकट 210 डॉलर मोजले, रंग डेलावेअर अँड हडसन या अमेरिकन रेल्वेचा काळा. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि त्यातल्या निम्म्या या धंद्यात कुणालाही लागू पडतील.

एस-2 चं कुठलंही मॉडेल हातात घेतलंत तर आधी उलटं करून बोग्या, म्हणजे खालच्या चाकांच्या चौकटी, बघा. एस-1 आणि एस-2 खाली ब्लंट बोगी असायची, जेम्स ब्लंट यांच्या रचनेची. पुढे आलेलं एस-4 म्हणजे जवळपास तेच यंत्र, पण खाली सगळीकडे चालणारी एएआर (अमेरिकन रेल्वेंची संघटना) प्रमाणाची बोगी. वरचं धड तेच ठेवून खाली भलतीच बोगी सरकवली की जाणकाराला लगेच कळतं. इथे बोगी खरी ब्लंट आहे आणि सुरेख उतरली आहे. स्प्रिंगा, चाकांच्या टोकांवरच्या तेलाच्या पेट्या, ब्रेकच्या दांड्या, सगळं सुटं सुटं दिसतं. फक्त प्लॅस्टिक जरा चकाकतं. मॅट फवारा मारला की काम होतं.

धडाचंही तेच. 660 अश्वशक्तीचं एस-1 आणि 1,000 अश्वशक्तीचं एस-2 लांबून जुळी भावंडं वाटतात. फरक धुराड्यात आणि नाकाजवळच्या रेडिएटरच्या झडपांत. एस-2 ला टर्बो (सिलिंडरांत जादा हवा ढकलणारा पंखा), म्हणून धुराडं जाड आणि बुडाशी लांबट. झडपांची चौकट उंचीपेक्षा रुंदीला जास्त. दोन्ही गोष्टी मॉडेलात बरोबर आहेत. कॅबच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या खोलीच्या, खिडक्यांच्या चौकटी मात्र हव्या त्यापेक्षा जाड आल्यात, फोटोत ते फार जाणवतं.

आता खऱ्या इंजिनांच्या मालकांकडे, म्हणजे रेल्वे कंपन्यांकडे येऊ, कारण माझी मुख्य तक्रार तिथेच आहे. 1940 ते 1950 या दहा वर्षांत दीड हजाराच्या आसपास एस-2 बनली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सरकारच्या वॉर प्रॉडक्शन बोर्डाने कामं वाटून दिली होती: लांब पल्ल्याची मालगाडी इंजिनं इलेक्ट्रो-मोटिव्हने करायची, शंटिंगची आल्को आणि बाल्डविनने. त्यामुळे एरवी ज्यांनी डोळे झाकून इलेक्ट्रो-मोटिव्हचं एनडब्ल्यू2 हे शंटिंग इंजिन घेतलं असतं, त्यांच्याही यार्डात आल्को शिरली. सँटा फे, सदर्न पॅसिफिक, न्यूयॉर्क सेंट्रल, मिलवॉकी रोड, एरी, बोस्टन अँड मेन, यादी लांब आहे. डेलावेअर अँड हडसनची गोष्ट वेगळी. आल्कोचा कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीला, म्हणजे यांच्या अगदी दाराशी. वाफेची इंजिनं काढून टाकली तेव्हा या रेल्वेने डिझेलची सगळी भरती आल्कोकडूनच केली. म्हणून मी हा रंग निवडला.

विक्रेत्याच्या यादीत रंगांची रेलचेल आहे. सँटा फेचे झेब्रा पट्टे आहेत, सदर्न पॅसिफिकचे नारिंगी वाघपट्टे आहेत, आणि छपाई खरंच रेखीव आहे. पण प्रत्येक रंगाखाली साचा एकच! खऱ्या रेल्वेंनी ही इंजिनं आपापल्या वर्कशॉपमध्ये मनासारखी बदलून घेतली. कुणी भोंगा हलवला, कुणी घंटा, कुणी ठिणग्या अडवायला धुराड्यावर जाळी बसवली, रेडिओ आल्यावर कुणी छतावर अँटेना लावली. मॉडेलात यातलं काही नाही. 210 डॉलर घेता, तर डबीत चार सुटे भाग टाकायला काय हरकत होती? तुम्हाला एखाद्या रेल्वेचं ठरावीक साल आणि ठरावीक नंबर हवा असेल, तर जुने फोटो समोर ठेवूनच रंग निवडा. साधा काळा घेतला की पस्तावण्याची शक्यता कमी.

आवाजाबद्दल मत अर्धं चांगलं. एस-2 च्या पोटातलं आल्कोचं 539 हे डिझेल यंत्र एका ओळीत सहा सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक, सिलिंडरचा व्यास साडेबारा इंच आणि कमाल वेग मिनिटाला 740 फेरे. तेवढ्याच ताकदीच्या एनडब्ल्यू2 ला बारा सिलिंडर, तेही टू-स्ट्रोक. ते एकसुरी घुमतं, आल्को हुक्क्यासारखी गुडगुडते. उभ्या इंजिनाची ही गुडगुड मॉडेलात झकास आली आहे. पण थ्रॉटल वाढवला की आवाज झटक्यात वर जातो, आणि तिथे माझं मन उतरतं. खऱ्या इंजिनात टर्बो वेग घ्यायला वेळ लावायचा, तोवर डिझेल जास्त आणि हवा कमी, म्हणून आल्कोच्या धुराड्यातून तो प्रसिद्ध काळा लोट यायचा. ती दिरंगाईच तर आल्कोची ओळख! टर्बोची शीळही उगाच मोठी ठेवलीय. डीकोडरच्या (डीसीसीचे हुकूम वाचणाऱ्या चिपच्या) सेटिंगमध्ये जाऊन ती मी निम्म्याहून खाली आणली.

चालीला पैकीच्या पैकी. सर्वांत खालच्या पायरीवर इंजिन अक्षरशः सरपटतं, डब्याला टेकताना धक्का जाणवत नाही. शंटिंगच्या मॉडेलात मला हेच हवं असतं. अडचण सांध्यावर, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तिथे. सांध्याच्या मधला फ्रॉग (रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) प्लॅस्टिकचा असेल तर एवढ्या आखूड इंजिनाची वीज तुटते आणि ते तिथेच थबकतं, आवाजासकट बंद. उपाय कपॅसिटर, म्हणजे क्षणभराची वीज साठवणारा भाग, पण अरुंद हुडमध्ये (कॅबपुढच्या लांब पेटीत) धातूचं वजन आणि स्पीकर ठासून भरलेत. शेवटी कॅबमध्ये बसवला आणि वरून काळा रंग मारला. ड्रायव्हरची बाहुली त्यामुळे बाहेर गेली.

जुन्या बनावटीची एस-2 ट्रेन शोमध्ये स्वस्तात मिळतात. घेण्याआधी रुळावर अगदी हळू चालवून बघा. चाकाच्या दर फेऱ्याला एक टक्क असा आवाज आला तर आसावरचं प्लॅस्टिकचं गिअर चिरलेलं आहे. नवं गिअर मिळतं, पण बोगी पूर्ण खोलावी लागते, आणि त्या ब्रेकच्या दांड्या तेव्हा हमखास तुटतात.