मिशनरी व्हायचं का, हे ठरवताना इग्नेशियन साधना कितपत कामाला येते?

येशू संघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांनी स्पेनमधल्या मान्रेसा इथे 1522-23 मध्ये जिची टिपणं काढायला सुरुवात केली आणि पोप तिसरे पॉल यांनी 1548 मध्ये जिला मान्यता दिली, ती आध्यात्मिक साधना आज तीन रूपांत मिळते. साधनागृहात राहून 30 दिवसांची पूर्ण, 8 दिवसांची आटोपशीर, आणि नोकरी-कॉलेज सांभाळून रोज दीडेक तास देत कित्येक महिने चालणारी. मिशनरी पाचारणाचा, म्हणजे देव त्या वाटेला बोलावतोय का याचा, प्रश्न मनात असेल तर आमची पसंती तिसरीला.

आधी 30 दिवसांबद्दल. पूर्ण मौन, दिवसाला एकेक तासाच्या साधारण पाच प्रार्थना, प्रत्येक तासानंतर पाव तास ‘काय घडलं’ याची नोंद आणि रोज मार्गदर्शकाशी एक भेट. साधनेचे चार ‘आठवडे’ असतात, पण ते सात-सात दिवसांचे नसतात, गरजेप्रमाणे लांबतात किंवा आखडतात. पहिला पाप आणि देवाची दया यांचा, दुसरा ख्रिस्ताच्या जीवनाचा, तिसरा दुःखसहनाचा, चौथा पुनरुत्थानाचा. जीवनाची वाट निवडण्याचा विषय निघतो तो दुसऱ्या आठवड्याच्या पाचव्या दिवसाच्या सुमारास. 8 दिवसांच्या साधनेला येणाऱ्याला मात्र निर्णय तिसऱ्याच दिवशी हवा असतो. पहिले दोन दिवस साठलेली झोप आणि फोनची तलफ यांतच जातात, आणि मग जरा डोळे पाणावले की तीच देवाची हाक वाटते. आठ दिवसांत प्रार्थनेची घडी बसते, एवढंच त्यातून घ्यावं.

साधनेचा खरा कस लागतो ‘तीन प्रकारच्या माणसां’च्या ध्यानात. तिघांनीही दहा-दहा हजार डुकाट (त्या काळची सोन्याची नाणी) कमावलेत आणि त्या पैशाची ओढ मनाला बोचतेय. पहिला ओढ सोडायची म्हणतो आणि मरेपर्यंत काही करत नाही. दुसऱ्याला ओढ सुटायला हवी, पण पैसा हातात ठेवूनच. म्हणजे देवानेच त्याच्या बाजूला यावं. तिसरा ठेवायलाही तयार, सोडायलाही. मिशनरी होऊ पाहणाऱ्याचे डुकाट कोणते, हे मार्गदर्शकाने नेमकं विचारायला हवं. बहुतेकदा ते घर किंवा पगार नसतात, तर ‘मी मिशनरी’ ही प्रतिमाच असते. ती सुटत नसेल तर पुढची सगळी निवड त्या दुसऱ्या प्रकारच्या माणसासारखीच.

संत फ्रान्सिस झेवियर यांनी ही साधना 1534 मध्ये केली. त्या वेळी इग्नेशियस, झेवियर आणि त्यांच्या मित्रांचा बेत जेरुसलेमचा होता, आणि जहाज मिळालं नाही तर पोप पाठवतील तिकडे जायचं. भारत यादीत नव्हता. 1540 मध्ये भारतासाठी नेमलेले त्यांचे सोबती बोबादिया आजारी पडले म्हणून ऐनवेळी झेवियर निघाले आणि 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरले. साधनेने त्यांना देश ठरवून दिला नव्हता, कुठेही निघता येईल असं मोकळं मन दिलं होतं. तिच्याकडून अपेक्षाही तेवढीच धरावी.

प्रश्न कसा मांडला यावर अर्धं काम अवलंबून असतं. ‘देव मला बोलावतोय का?’ याला उत्तर मिळत नाही. ‘येत्या जूनमध्ये अमुक संस्थेकडे प्रवेशाचा अर्ज करावा की करू नये?’ याला मिळू शकतं. दोन्ही पर्याय मुळात चांगले असावे लागतात. विवाहासारखी कायमची बांधिलकी आधीच स्वीकारली असेल, तर ती पुन्हा निवडीला काढता येत नाही. मन शांत असताना दोन्ही बाजूंचे फायदे-तोटे वेगवेगळे लिहावेत, असा अगदी कोरडा मार्ग इग्नेशियस सांगतात. शिवाय, कधी न भेटलेला माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सांगाल? मरणाच्या घडीला कोणती निवड केलेली बरी वाटेल? जे ठरेल ते देवापुढे ठेवून त्याची पुष्टी मागायची. घाईत गाळली जाते ती हीच पायरी.

गाडी अडते ती ठरावीक ठिकाणी. मन उदास, कोरडं असताना आधीचा निश्चय बदलू नये, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. उत्साहाच्या भरात किंवा त्याची ऊब ओसरत असताना सुचलेले बेतही तपासून घ्यायचे असतात, हे कुणी सांगत नाही. प्रार्थना रटाळ झाली की तास आवरता घेतला जातो. सूचना नेमकी उलटी आहे, तेव्हा तासाहून थोडं जास्तच बसायचं. आणि मार्गदर्शक एखाद्या संस्थेच्या भरतीचंही काम पाहत असेल तर सावध राहा. साधकाला कोणत्याही एका बाजूला झुकवू नये, असं साधनेतच बजावलेलं आहे.

मर्यादाही मोठी आहे. परकी भाषा, परकं जेवण, मलेरिया, वर्षानुवर्षं फळ न दिसणं, हे मौनात बसून कळत नाही. इंग्रज जेझुइट मिशनरी थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि त्यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं 1616 मध्ये. तेवढा दम आपल्यात आहे का, हे मिशनच्या जागी काही आठवडे राहून आणि तिथे पडेल ते काम करूनच उमगतं. म्हणून महिनोन्‌महिने चालणारी साधना बरी. त्या काळात सुट्ट्यांत तिकडे जाऊन येता येतं आणि अनुभव लगेच प्रार्थनेत मांडता येतो.

शिवाय तुमचं ठरलं म्हणजे झालं, असंही नाही. कॅथलिक धर्मसंघात नवशिक्यांच्या वर्गासाठी (नोव्हिशिएट) 17 वर्षं पूर्ण हवीत, धाकदपटशाने आलेल्याचा प्रवेश ग्राह्य धरत नाहीत, फेडता न येणारं कर्ज असेल तर घेत नाहीत. शैक्षणिक कर्जाचा हिशेब साधनेआधीच मांडलेला बरा. त्यानंतर किमान 12 महिने नवशिकेपणाचे आणि पुढे निदान तीन वर्षं तात्पुरत्या व्रतांची, तेव्हा तपासणी दोन्हीकडून चालूच राहते.

नाव नोंदवताना तीन गोष्टी विचारा. मनातलं मराठीत बोलता येईल असा मार्गदर्शक आहे का, एका मार्गदर्शकाकडे किती साधक असतात, आणि शुल्क ठरलेलं आहे की ऐच्छिक देणगी. रोज भेट मिळणार नसेल तर 30 दिवसांच्या मौनात शिरू नका.