‘व्होग इंडिया’: शिवणकाम शिकवणाऱ्या वाचकाच्या नजरेतून

मी शिवणकामाचे वर्ग घेते, त्यामुळे फॅशनचे मासिक हाती आले की मॉडेलच्या चेहऱ्याआधी माझी नजर मुंढ्यावर (बाही जोडतात त्या कापावर) आणि गळ्यावर जाते. ‘व्होग इंडिया’ मी याच कारणासाठी वाचत आले आहे. न्यूयॉर्कमध्ये १८९२ साली साप्ताहिक म्हणून निघालेले आणि १९०९ मध्ये प्रकाशक काँडे नास्ट यांनी विकत घेतलेले ‘व्होग’ भारतात ऑक्टोबर २००७ च्या अंकाने आले. त्या पहिल्या मुखपृष्ठावर ऑस्ट्रेलियन मॉडेल जेमा वॉर्डसोबत बिपाशा बसू आणि प्रियांका चोप्रा होत्या. छपाई देखणी, कागद गुळगुळीत आणि जाहिराती भरपूर, असे त्या काळातल्या अंकांचे रूप होते.

छापील अंकाची एक मर्यादा मात्र मला नेहमी खटकायची. एखाद्या डिझायनरच्या संपूर्ण संग्रहातून (कलेक्शनमधून) संपादकांना आवडलेला एखादाच पोशाख पानावर यायचा, तोही बहुधा समोरून. पाठीमागे झिप आहे की हुक, कापड सरळ कापले आहे की उरेब (तिरके), हे कळायला मार्ग नसे.

ही उणीव मासिकाच्या ऑनलाइन विस्ताराने भरून काढली. त्यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ‘व्होग रनवे’. हा विभाग अमेरिकी ‘व्होग’च्या संकेतस्थळावर आहे, २००० मध्ये सुरू झालेल्या ‘स्टाइल डॉट कॉम’चे २०१५ मध्ये त्यात रूपांतर झाले. येथे रॅम्पवरचा प्रत्येक पोशाख क्रमांकासह, ओळीने पाहता येतो आणि बऱ्याच संग्रहांना जवळून टिपलेल्या बारकाव्यांच्या छायाचित्रांची वेगळी जोड असते. १९९० च्या दशकातले संग्रहही येथे पाहायला मिळतात, म्हणून एखाद्या डिझायनरच्या पोशाखांतला खांद्याचा आकार वर्षानुवर्षे कसा बदलत गेला हे विद्यार्थिनींना एका बैठकीत दाखवता येते.

३० मार्च २०२३ रोजी मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर झालेला ‘डिओर’ या फ्रेंच फॅशन कंपनीचा शो मी वर्गात असाच दाखवला. ‘डिओर’च्या तेव्हाच्या डिझायनर मारिया ग्राझिया किउरी यांच्या त्या संग्रहामागे मुंबईच्या ‘चाणक्य’ या भरतकाम कार्यशाळेचे हात होते आणि गेटवेच्या कमानीसमोर कारागिरांनी हाताने सजवलेले भव्य तोरण उभे होते. आपल्या दारावरचे तोरण एवढ्या मोठ्या मापात पाहिल्यावर मुलींनी चित्र मोठे करून टाका ओळखायचा प्रयत्न केला. पुढचा तासभर कोणाला वेळेचे भान नव्हते. छापील पानावर हे शक्यच झाले नसते. भारतीय डिझायनर राहुल मिश्रा २०२० पासून पॅरिसच्या ओत कुतूर (हाताने घडवलेल्या उंची पोशाखांच्या) सप्ताहात सादर करत असलेले भरतकामही असेच जवळून अभ्यासण्याजोगे आहे.

‘व्होग इंडिया’च्या स्वतःच्या संकेतस्थळाबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. तारे-तारकांनी कुठल्या समारंभाला काय घातले, याच्या बातम्या तेथे फार आहेत आणि त्या लवकर शिळ्या होतात. हातमाग, जुन्या साड्या आणि लग्नाचे पोशाख यांवरचे सविस्तर लेख हे त्याचे खरे बळ आहे. ते नीट शोधून वाचावे लागतात, पण शोधण्याचे श्रम वाया जात नाहीत. मजकूर इंग्रजीत असल्याने माझ्या वर्गातल्या अनेक मुली छायाचित्रांवरच थांबतात. पैठणीवरचा किंवा खणावरचा लेख मराठीत मिळाला, तर तो येवल्यातही वाचला जाईल.

आणखी एक अपेक्षा मनापासून नोंदवते. छायाचित्राखाली डिझायनर, छायाचित्रकार, रंगभूषाकार आणि केशभूषाकार यांची नावे असतात. ज्याच्या सुईने ते काम उभे राहिले, त्या कारागिराचे नावही त्याच ओळीत यावे. संकेतस्थळावर जागेची अडचण नसते, त्यामुळे ही सुरुवात तेथून करता येईल.

छापील अंक आता दोन महिन्यांचा मिळून निघतो. संग्रही ठेवण्यासाठी तो मी अजूनही घेते, शिकवण्यासाठी मात्र संकेतस्थळच उघडते.