जावा.टाइमचा रिव्ह्यू: संत्र्याचा एक सीझन काढल्यानंतर, साडेचार स्टार

जावा.टाइम म्हणजे जावा या प्रोग्रामिंग भाषेतली तारीख-वेळेची लायब्ररी. नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो मी. संत्र्याचा ट्रक किती वाजता आला, कोणाचा किती माल, पैसे कधी द्यायचे, बस एवढंच. पण यातलं अर्धं काम तारखांचंच निघेल असं वाटलं नव्हतं बाप्पा.

आधी सगळं जुन्या डेट आणि कॅलेंडर क्लासवर होतं, म्हणजे 1996-97 चा माल. त्यात जानेवारी म्हणजे 0, आणि वर्ष 1900 पासून मोजायचं, त्यामुळे सरळ 2024 लिहिलं की ते 3924 साल समजते. नाव डेट, पण आत तारीख नाहीच, 1 जानेवारी 1970 पासूनचे मिलिसेकंद आहेत नुसते. वरून तो ऑब्जेक्ट कोणीही बदलू शकतो, एखाद्या मेथडला बिलाची तारीख फक्त वाचायला दिली आणि तिनं आत सेटटाइम मारला तर बिलच बदललं, मग बसा रात्रभर शोधत.

जावा.टाइम जावा 8 सोबत 2014 मध्ये आलं. त्याआधी लोक वापरायचे त्या जोडा-टाइम लायब्ररीवाल्या स्टीफन कोलबर्नचाच यात मोठा हात आहे, त्यामुळे जोडा वापरलेल्यांना घरचंच वाटेल. मला आवडलेली गोष्ट म्हणजे इथे आधी सांगावं लागते की तुम्हाला नेमकं काय पाहिजे. नुसती तारीख असेल तर लोकलडेट, जगात कुठेही तोच तो क्षण पाहिजे तर इन्स्टंट, टाइम झोनसकट तारीख-वेळ पाहिजे तर झोन्डडेटटाइम. सुरुवातीला वैताग येते इतके क्लास पाहून, मग कळते की आपणच इतकी वर्षं सगळं एका डब्यात कोंबून राहिलो होतो.

तरी मी मार खाल्लाच. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर, आणि मी आजची तारीख घ्यायला लिहिलं लोकलडेट.नाऊ, कंस रिकामा, म्हणजे झोन सर्व्हरचाच. पहाटे 4 ला ट्रक आला की यूटीसीत आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. अडत्याचा फोन, "काऊन भाऊ, मंगळवारचा माल तुमच्या कॉम्प्युटरात सोमवारीच उतरून राहिला का?" कंसात एशिया/कोलकाताचा, म्हणजे भारताचा झोन टाकला आणि विषय संपला. आता तर 'आत्ता किती वाजले' हे सांगणारं क्लॉकच बाहेरून पास करतो, टेस्टमध्ये एकाच वेळेवर थांबलेलं क्लॉक.फिक्स्ड देऊन पहाटेचे 4 दुपारी चहा पिता पिता तपासता येतात. हे जुन्यात करायचं म्हणजे डोक्याला ताप होता.

दुसरा किस्सा हप्त्यांचा. 31 जानेवारी 2024 ला प्लसमंथ्स 1 केलं, म्हणजे एक महिना वाढवला, तर 29 फेब्रुवारी मिळते, बरोबर आहे. पण मी लूपमध्ये मागच्याच तारखेत एकेक महिना वाढवत गेलो तर मार्चचा हप्ता 29 लाच अडकला, एप्रिलचाही 29, आणि 31 काही परत येईना. मूळ तारखेलाच प्लसमंथ्स 2, प्लसमंथ्स 3 असं करायचं, मग 31 मार्च, 30 एप्रिल नीट येते. लायब्ररीची चूक नाही ही, पण कोणी सांगत नाही.

अर्धा स्टार काऊन कापला? हे ऑब्जेक्ट बदलत नाहीत, चांगलंच आहे, पण सात दिवस वाढवायला नुसतं तारीख.प्लसडेज 7 लिहून उत्तर कशातच ठेवलं नाही तरी कोड तपासणारा कंपायलर गुपचूप बसते, तारीख जिथल्या तिथे. आणि डेटाबेसमधून जुनी एसक्यूएलवाली डेट आली की तिच्यावर टूइन्स्टंट चालवू नका, सरळ एक्सेप्शन, म्हणजे एरर फेकते. टूलोकलडेट वापरा.

मराठी लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग दिली तर पावतीवर महिन्याचं नाव "जानेवारी" असं मस्त छापून येते, आकडे मात्र इंग्रजीच राहतात, त्याला डेसिमलस्टाइल वेगळं द्यावं लागते. अडत्याला इंग्रजी आकडेच पाहिजे होते म्हणून मी हात लावला नाही. जुन्या डेटच्या दोन फाइली अजून राहिल्याच आहेत, संत्र्याचा आंबिया बहाराचा हंगाम उरकला की काढतो.