खाकी कव्हरातले गुलाबी पुस्तक

केसी मॅक्क्विस्टन यांची ‘रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू’ ही इंग्रजी कादंबरी मे २०१९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मी ती पहिल्यांदा वाचली. मुखपृष्ठ गुलाबी आणि त्यावर दोन तरुणांची चित्रे. पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत ते उघडपणे हातात धरण्याचे धैर्य मला झाले नाही, म्हणून शाळेच्या वह्यांना घालतात तसे खाकी कव्हर घालून मी ते वाचून काढले. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कचाट्यातून सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी बाहेर काढले, त्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. कायदा बदलला होता, पण शेजारच्या प्रवाशाच्या नजरेचा अंदाज घेत बसण्याची माझी सवय सुटली नव्हती. अलीकडे तेच पुस्तक मी कव्हर काढून पुन्हा वाचले. हे परीक्षण त्या दुसऱ्या वाचनाचे आहे.

अलेक्स क्लेअरमाँट-डियाझ हा अमेरिकेच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्षांचा मुलगा, आई टेक्सासची आणि वडील मेक्सिकन वंशाचे; हेन्री हा इंग्लंडच्या राजघराण्यातला धाकटा राजपुत्र. दोघांचे पहिल्यापासून वाकडे असते. हेन्रीच्या थोरल्या भावाच्या लग्नात त्यांची बाचाबाची होते आणि दोघेही भल्यामोठ्या केकसकट जमिनीवर येतात. दोन्ही देशांची अब्रू सावरण्यासाठी त्यांना छायाचित्रकारांपुढे जिवलग मित्र असल्याचे नाटक करावे लागते. त्या नाटकातून खरी मैत्री होते, नववर्षाच्या रात्री बर्फात हेन्री अलेक्सचे चुंबन घेतो आणि तिथून पुढे चोरट्या भेटी आणि ईमेल यांतून प्रेम वाढत जाते. पुढे ते ईमेल फोडले जातात, तेही अलेक्सच्या आईच्या फेरनिवडणुकीच्या धामधुमीत.

प्रेमकादंबरीचे परीक्षण करताना शेवट गोड होणार हे आधीच कळले, अशी तक्रार अनेकदा केली जाते. ती मला पटत नाही. साधुवाण्याची नौका पुन्हा दिसणार हे ठाऊक असूनही सत्यनारायणाची कथा आपण ऐकतोच, आणि नौका दिसेनाशी होते तेव्हा कलावतीसाठी जीव हळहळतोही. या प्रकारच्या कादंबरीत शेवट हा करार असतो. तो पाळला गेला की नाही एवढेच पाहून समीक्षकाचे काम संपत नाही. त्या दोघांचे सुख त्यांच्या स्वभावातून उगवले आहे की लेखणीच्या एका फटकाऱ्याने त्यांना बहाल केले आहे, हे पाहावे लागते. समलिंगी प्रेमाच्या कादंबरीत तर हे अधिक काटेकोरपणे पाहायला हवे, कारण इथे अडथळा शोधायला लेखकाला लांब जावे लागत नाही. घर, शेजार, धर्म, कायदा हे सगळे दाराबाहेर उभेच असतात, आणि त्यांच्या जोरावर कथानक आपोआप पुढे सरकत असल्यामुळे पात्रे घडवण्यात आळस झाला तरी तो चटकन लक्षात येत नाही.

मॅक्क्विस्टन यांनी तो आळस केलेला नाही, निदान या दोघांच्या बाबतीत तरी नाही. अलेक्स हा बोलघेवडा, महत्त्वाकांक्षी, प्रत्येक गोष्टीची यादी करणारा मुलगा आहे. आपल्याला पुरुषही आवडतात हे त्याला विशीत, त्या एका चुंबनानंतर उमगते आणि मग तो वकिलाने जुनी दप्तरे काढावीत तसा स्वतःचा भूतकाळ तपासू लागतो. शाळेतल्या एका मित्राशी आपले नेमके काय होते, कोणाकडे आपण नको इतके टक लावून पाहत होतो, हे एकेक आठवत तो निष्कर्षापर्यंत येतो. मला हा भाग फार खरा वाटला. आपल्याकडे बहुतेक जण असेच मागे जाऊन समजून घेतात. कळलेले असते फार पूर्वी, त्याला नाव द्यायला वर्षे जातात. हेन्रीचे नेमके उलट आहे. त्याला सगळे कधीचे ठाऊक आहे आणि घराण्याला ताकास तूर लागू न देता आयुष्य काढायचे, हे त्याने मनोमन ठरवून टाकले आहे. म्हणजे एकाला स्वतःचा शोध नुकताच लागलेला आणि दुसऱ्याने स्वतःला केव्हाच कुलूपबंद केलेले. कादंबरीतला खरा ताण या दोघांच्या मनांतल्या अंतराचा आहे, राजवाड्याचा त्यामानाने कमी.

टेक्सासमधल्या तळ्याकाठच्या घराचे प्रकरण याची उत्तम साक्ष देते. रात्री पाण्यात असताना अलेक्स आपले प्रेम बोलून दाखवण्याच्या अगदी कडेवर येतो, हेन्रीला ते शब्द येताना दिसतात आणि तो पाण्याखाली बुडी मारतो. सकाळ होते तेव्हा तो निघून गेलेला असतो. भांडण नाही, गैरसमज नाही, तिसरे माणूस नाही. ऐकावे लागू नये म्हणून माणूस श्वास कोंडून पाण्याखाली जातो, एवढेच. ज्याने आपल्या आवडीच्या माणसाचा फोन केवळ भीतीपोटी वाजू दिला आहे, त्याला या पानाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

ईमेल हा या पुस्तकाचा दुसरा भक्कम आधार. दोघे थट्टा करत लिहू लागतात आणि हळूहळू प्रत्येक पत्राखाली इतिहासातल्या कोणाच्या तरी प्रेमपत्रातली ओळ जोडू लागतात: अलेक्झांडर हॅमिल्टनने जॉन लॉरेन्सला लिहिलेली, व्हिटा सॅकव्हिल-वेस्टने व्हर्जिनिया वुल्फला लिहिलेली, मायकेलअँजेलोने तोमासो काव्हालिएरीला लिहिलेली. आपल्याआधीही माणसे होती, त्यांनीही लिहिले होते आणि त्यांची पत्रे उरली आहेत, ही जाणीव त्या ओळींमधून पाझरत राहते. म्हणूनच ते ईमेल चव्हाट्यावर येतात तेव्हा वाचकाच्या पोटात खड्डा पडतो. नुसते गुपित फुटले असते तर इतके लागले नसते.

आईला सांगण्याचा प्रसंग मात्र हलका आहे आणि तो तसाच हवा होता. राष्ट्राध्यक्ष असलेली आई मुलाचे ऐकून घेते आणि मग चक्क पॉवरपॉइंटवर स्लाइड्स तयार करून त्याच्यापुढे मांडते. ती चिडलेली आहे, घाबरलेली आहे, निवडणुकीचा हिशेबही तिच्या डोक्यात चालू आहे, पण मुलगा आपला आहे याबद्दल तिच्या मनात क्षणभरही शंका नाही. माझ्या ओळखीच्या घरांत अशा वेळी रडारड किंवा आठवडाभराचा अबोला असतो, त्यामुळे हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो.

दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. राजकारण फार सोपे करून टाकले आहे. चांगली माणसे एका बाजूला, वाईट दुसऱ्या बाजूला आणि मतमोजणीही नायकाच्या मनासारखी. राजघराण्याचा शतकांचा विरोध जवळजवळ एका बैठकीत नमतो. सगळी तरुण पात्रे एकाच धाटणीचे चटपटीत बोलतात, इतके की नाव झाकले तर कोण बोलते आहे ते सांगता येणार नाही. हेन्रीचा सहायक शान श्रीवास्तव हे पात्र भारतीय वाचकाला विशेष खटकेल. कार्यक्षम, मितभाषी, सदैव तत्पर असा हा माणूस राजवाड्याची सगळी निस्तरानिस्तर करतो. त्याचे लग्न ठरल्याचेही कळते, पण ब्रिटिश राजपुत्राच्या दिमतीला राहताना एका श्रीवास्तवाच्या मनात काय चालत असेल, याकडे कादंबरी पुरेशी थांबून पाहत नाही. साम्राज्याच्या पापांची चर्चा संवादांत होते. ती चर्चा शानपर्यंत पोहोचायला हवी होती. शिवाय ज्यांच्यापाशी विमाने, अंगरक्षक आणि बंद दालने आहेत, त्यांचे चोरून भेटणे आणि एकांताची खोली मिळवण्यासाठी जिवाचा आटापिटा करणाऱ्यांचे चोरून भेटणे यांत फरक आहे, आणि ही खंत पुस्तकभर मनात राहते.

तरीही या पुस्तकाला ‘परीकथा’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझे मतभेद आहेत. याच इंग्लंडमध्ये ई. एम. फॉर्स्टर यांनी १९१३–१४ च्या सुमारास ‘मॉरिस’ ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी लिहिली आणि तिचा शेवट सुखाचाच हवा असा हट्ट धरला. तो शेवट होता म्हणूनच ती छापणे अवघड होते, कारण अशा प्रेमाला शिक्षा झाली असती तर समाजाला ते चालले असते. १९७० मध्ये फॉर्स्टर वारले आणि कादंबरी १९७१ मध्ये प्रकाशित झाली. मराठीत पाहिले तर विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातल्या मित्रा नावाच्या तरुणीचे आयुष्य आत्महत्येत संपते. सचिन कुंडलकरांच्या २००६ च्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये तनय आणि अनुजा ही भावंडे एकाच तरुणावर जीव लावतात आणि तो दोघांनाही सोडून निघून जातो. या दोन्ही कृती मोलाच्या आहेत, ‘कोबाल्ट ब्लू’ तर मी दर दोनेक वर्षांनी वाचतो, आणि वाङ्मयीन तोलाने पाहिले तर मॅक्क्विस्टन यांची कादंबरी तिच्या जवळपासही येत नाही. पण वियोगाची भाषा आपल्या साहित्याने जितकी कमावली, तितकी दोन पुरुषांच्या रोजच्या संसाराची भाषा कमावली नाही, आणि विशीतल्या वाचकाला दोन्ही लागतात.

ही संसाराची भाषा या कादंबरीत एका छोट्या वस्तूत सापडते. अलेक्सच्या गळ्यातल्या साखळीत टेक्सासमधल्या त्याच्या जुन्या घराची किल्ली असते. व्हाइट हाऊसमध्ये राहणारा मुलगा ती जपून का ठेवतो, हे सुरुवातीला फारसे महत्त्वाचे वाटत नाही. शेवटी निवडणुकीच्या रात्री गर्दी आणि कॅमेरे मागे टाकून तो हेन्रीला त्या घराच्या दारापाशी आणतो आणि किल्ली बाहेर काढतो. एवढ्या राजवाड्यांच्या आणि शिष्टाचारांच्या गोष्टीचा शेवट एका साध्या घराच्या कुलपापाशी यावा, ही सूचकता मला सुंदर वाटली, आणि हे सुख लेखणीच्या फटकाऱ्याने आलेले नाही याची खात्री पटली.

या कादंबरीवरचा २०२३ चा चित्रपट आधी पाहू नये असे मी सुचवेन. त्यात अलेक्सची बहीण जून गाळली आहे आणि पत्रांना पुस्तकातली जागा मिळत नाही. इंग्रजी अवघड नाही, मात्र अमेरिकन निवडणुकीचे संदर्भ पहिल्या काही प्रकरणांत दाटीने येतात, तिथे कंटाळून पुस्तक ठेवू नये. शृंगाराची वर्णने आहेत, ती संयमाने पण आडपडदा न ठेवता केलेली आहेत, तेव्हा पुस्तक मोठ्यांनी वाचायचे आहे. माझी प्रत सध्या एका तरुण सहकाऱ्याकडे आहे. त्याने ती मागितली तेव्हा कव्हर घालून देऊ का असे मी विचारले, आणि तो नको म्हणाला.