३८ मिमीचे ट्यूबलेस टायर: दिवाळी ते श्रावण, कोल्हापूरच्या रस्त्यांवर

दिवाळीत सायकलला ७०० बाय ३८चे ट्यूबलेस ग्रॅव्हल (कच्च्या-खडबडीत रस्त्याचे) टायर घातले. आता श्रावण लागलाय. मधल्या काळात गळीत हंगाम गेला, उन्हाळा गेला, पावसाळ्याचा जोरही ओसरत आला. दुकानातून आणल्या आणल्या लिहिलेले रिव्ह्यू भरपूर वाचायला मिळतात, पण एका टायरवर आपल्याकडचे तिन्ही ऋतू काढून कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मी जे सांगणार आहे ते एका कंपनीपुरतं नाही, या जातीच्या बहुतेक टायरांना लागू आहे.

आधी माझी माहिती, म्हणजे तुम्हाला ताडून बघता येईल. वजन ७२ किलो. सायकल क्रोमोली (मिश्र पोलादाच्या) फ्रेमची, डिस्क ब्रेकची, रिम आतून २१ मिमी. रोज कसबा बावड्यातून शियेमार्गे शिरोली एमआयडीसीत कामावर जायचं आणि यायचं. रविवारी पन्हाळा किंवा जोतिबा, सवड असेल तेव्हा गगनबावडा, आणि अधूनमधून बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड.

यापूर्वी ३२ मिमीचे टायर ट्यूब घालून वापरत होतो, ७५ पीएसआय हवा भरून. आपल्याकडे जुन्या मंडळींचा ठाम समज असतो की टायर दगडासारखा टणक हवा, तरच सायकल पळते. आता मी पुढे ४२ आणि मागे ४६ ठेवतो, आणि वाघबीळहून पन्हाळ्याला चढताना कुठेही सायकल ओढल्यासारखी वाटत नाही. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. टायर फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि पुन्हा उलगडतो. त्या दबण्या-उलगडण्यात रबर गरम होतं आणि आपली ताकद तिथे खर्ची पडते. गुळगुळीत रस्त्यावर हवा जास्त असेल तर हा खर्च कमी होतो हे खरं. पण रस्ता खडबडीत असला की टणक टायर प्रत्येक खडीवर सायकलीसकट माणसाला वर उचलतो, आणि ती ताकद सगळी वाया जाते. रुंद टायर मात्र खडी स्वतःत सामावून घेतो. फ्रँक बर्टो या अमेरिकन अभ्यासकानं स्वाराच्या वजनाखाली टायर उंचीच्या साधारण १५ टक्के दबावा असा ठोकताळा दिला होता. त्यावरूनच मी हवा ठरवली आणि ती जमली. व्यावसायिक शर्यतीतले स्वारसुद्धा २३ मिमीवरून २८ आणि ३०वर आले आहेत, त्यामुळे रुंद टायर म्हणजे हळू सायकल हा वाद आता मिटायला हरकत नाही.

आता पंक्चर. कोल्हापुरात सायकल चालवणाऱ्याला नोव्हेंबर ते मार्च हा काळ वेगळा सांगावा लागत नाही. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की रस्त्यावर पाला, मातीची ढेकळं, तुटलेल्या तारांचे तुकडे, काय वाट्टेल ते पडलेलं असतं. शिरोली आणि उद्यमनगर भागात त्यात लेथवरच्या बुऱ्याची भर. स्प्रिंगसारखा वळलेला, धारदार पोलादी बुरा स्क्रॅपच्या गाडीतून सांडतो आणि टायरात सरळ शिरतो. शिरोळ, नृसिंहवाडीकडे गेलं की कडेच्या कोरड्या जमिनीवर सराटे. ट्यूबवाल्या टायरांवर या हंगामात पंक्चर काढण्याचं सामान खिशातच लागायचं. या टायरांवर संबंध गळीत हंगामात मला एकदाही रस्त्यात थांबावं लागलं नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ट्यूबलेसच्या बाजूनं उभा आहे.

एप्रिलमध्ये टायर उघडून आतून हात फिरवला, तेव्हा खरी हकिगत कळली. सराट्यांची टोकं, बाभळीच्या काट्याचा मोडलेला शेंडा आणि बुऱ्याचा एक निळसर पडलेला तुकडा, सगळे आत अडकलेले आणि प्रत्येकाभोवती सीलंटची, म्हणजे टायरात ओतलेल्या भोक बुजवणाऱ्या द्रवाची, घट्ट गाठ झालेली. चाकाला कधी कळूही दिलं नव्हतं. पण त्याच वेळी दुसरं काही दिसलं. तळाशी पातळ सीलंट जवळपास उरलंच नव्हतं. दुधावर साय धरावी तसा पापुद्रा सगळीकडे चिकटला होता. आणखी पंधरवडा गेला असता तर पुढचा काटा त्यानं बुजवला नसता.

माझी पहिली मागणी यातूनच आली आहे. सीलंट हा बहुतांशी रबराचा चीक असतो, सुकू नये म्हणून त्यात अमोनियासारखं काही घातलेलं असतं. उष्णतेनं त्यातलं पाणी उडतं आणि चीक घट्ट होतो. डब्यावर लिहिलेली मुदत थंड हवेच्या देशाची असते. आपल्याकडे मार्च ते मे सायकल दुपारभर कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते, तिथे तो हिशोब चालत नाही. मी आता होळीनंतर दर दीड महिन्याला वॉल्व्हची पिन काढून, मेडिकलमधून आणलेल्या मोठ्या सिरिंजनं सीलंट भरतो. कंपन्यांनी टायरचं आतलं अस्तर असं करावं की हवा आणि ओल कमी झिरपेल, आणि टायर न उघडता आतलं सीलंट किती उरलंय ते बघायची सोय द्यावी. वॉल्व्हमधून काडी घालून बघणं हा उपाय झाला, पण तीन-साडेतीन हजारांच्या टायरबरोबर काडी शोधत बसायला लागू नये. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: सीओटूच्या (दाबून भरलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या) काडतुसानं हवा भरलीत तर बरीचशी चिकाची सीलंट आत गोठतात, म्हणून घाईत तो प्रयोग करू नका. साधा हातपंप बरा.

आता या सगळ्या अनुभवातला सर्वात महत्त्वाचा प्रसंग. जूनमध्ये, पाऊस नुकता सुरू झालेला, गगनबावडा रस्त्याला कळे मागे टाकून पुढे गेलो होतो. समोरून एसटी आली म्हणून कडेला घेतलं. तिथे डांबराची कड तुटून धारदार झाली होती, तिला मागच्या टायरची बाजू घासली. फुस्स आवाज, पांढरं सीलंट पोटरीवर, आणि चाक बसलं. चीर बोटाच्या पेराएवढी, साइडवॉलला. चीर बुजवायची रबरी वात घालून बघितली, पण साइडवॉल इतकी पातळ की वात धरायला मांसच नाही. सायकल ढकलत पुढच्या गावातल्या पंक्चरच्या टपरीवर नेली.

टपरीतल्या मामांनी चाक हातात घेऊन आधी नीट निरखलं.

"ह्ये पांढरं काय वतलंय आत?"

"मामा, औषध असतंय. काटा लागला की भोक बुजवतंय."

"मग ह्ये का न्हाई बुजवलं?"

"बाजूला चीर गेली की न्हाई धरत."

मग टायर काढायला बसलो, आणि तिथेच अडलं. टायरची कड रिमच्या खाचेत इतकी घट्ट बसलेली की अंगठ्यांनी हलेना. मामांनी गुडघा टेकवून दाबलं, मी दुसऱ्या बाजूनं ओढलं. वॉल्व्हची चकती सीलंटनं चिकटलेली, ती पकडीनं सोडवावी लागली. सुटल्यावर मामांनी आतला भाग पेट्रोलच्या चिंधीनं पुसला, घासला, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कात्रीनं गोल कापला, सोल्युशन लावून फुंकर मारत सुकवला आणि हातोडीनं ठोकून बसवला. हे काम इतकं सफाईदार होतं की तो तुकडा आजही त्या टायरात आहे. माझ्याजवळ ट्यूब होती, ती घातली. पण टायर परत चढवताना शेवटची वीतभर कड काही केल्या रिमवर येईना. लोखंडी पान्यानं चढवायचं तर ट्यूब चिमटायची भीती. शेवटी साबणाचं पाणी लावून, कड चाकाच्या मधल्या खोलगट भागात ढकलत ढकलत आणली. कॉम्प्रेसरची नळी सायकलच्या बारीक प्रेस्टा वॉल्व्हला लागत नाही, पण पितळी अॅडाप्टर माझ्या पिशवीत कायम असतो. मामा हात पुसत म्हणाले, "टायर झ्याक हाय, पर निघंना आन् बसंना."

टायर बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या डिझाइन विभागात हे वाक्य पोचावं असं मला मनापासून वाटतं. वजन किती ग्रॅमनं घटलं, किती वॅट वाचले, विणीत इंचाला किती धागे, हे सगळं छापून येतं. टायर रस्त्यात किती मिनिटांत निघतो आणि बसतो, हे कुठेच छापलेलं नसतं.

आणि ही मागणी काही नवी नाही. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, पण तो टायर रिमला डिंकवून टाकलेला असायचा. पंक्चर म्हणजे तासन्‌तासांचं काम. मिशलॅं बंधूंनी १८९१ साली काढता-घालता येणारा टायर आणला, आणि त्याच वर्षी पहिल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ हा स्वार तोच टायर वापरून ७१ तास २२ मिनिटांत सर्वांच्या आधी पोचला. त्याच्या सायकलीची जी गोष्ट इतरांपेक्षा सरस होती, ती म्हणजे पंक्चर लवकर निघायचं. आज आपल्याकडचे रँडोनिअर, म्हणजे बीआरएम करणारे सायकलस्वार, त्याच पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससाठी पात्र व्हायला २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या राइड करतात. ६००ला ४० तास मिळतात. रात्री दोन वाजता हायवेच्या कडेला घट्ट टायरशी झटापट करण्यात त्यातला तास गेला तर पुढचा कंट्रोल, म्हणजे वेळेत गाठायचा तपासणीचा टप्पा, हुकतो.

मी मशीन शॉपमध्ये काम करतो, त्यामुळे हा मापाचा प्रश्न आहे हे मला स्पष्ट दिसतं. ७००च्या टायरचा बैठकीचा व्यास ६२२ मिमी ठरलेला आहे. रिमवाला आपल्या सोयीनं थोडा वर सरकतो, टायरवाला थोडा खाली, आणि दोघांचं भांडण आपल्या अंगठ्यांवर येतं. सैल ठेवा असं मी म्हणत नाही. सैल टायर ट्यूबलेसमध्ये हवा धरणार नाही, आणि टायरची कड अडकवणारा हुक नसलेल्या नव्या रिमांवर तर तो निसटला की सरळ अपघातच. म्हणूनच त्या रिमांना ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआयची मर्यादा आहे. पण बोअर आणि शाफ्टचं फिट आम्ही इथे शिरोलीत रोज सांभाळतो. दोन्ही बाजूंनी टॉलरन्स (मापातली चालणारी तफावत) आवळला तर हातानं चढणारा आणि तरीही न निसटणारा टायर होऊ शकतो. रिमच्या मधला तो खोलगट भाग जरा आणखी खोल केला तरी निम्मं काम भागतं.

दुसरी मागणी साइडवॉलची. पंक्चर रोखणारा अॅरामिड या चिवट धाग्याचा थर बहुतेक टायरांत फक्त मधोमध असतो. आपल्याकडे डांबराच्या कडा तुटलेल्या, समोरून ट्रॉली आली की कडेला उतरावंच लागतं. थराला कडेपर्यंत आणल्यानं साठ-सत्तर ग्रॅम वाढले तरी मी आनंदानं घेईन.

रुंदीबद्दल थोडक्यात. ३८ लिहिलेला हा टायर नवा असताना व्हर्निअरनं ३८.६ भरला, महिन्याभरानं ताणून ३९.४ झाला. उन्हाळ्यात फरक पडत नाही. पावसाळ्यात पन्हाळ्याच्या मागच्या बाजूची लाल माती मडगार्ड आणि टायरच्या मधे बसते आणि चाक जाम होतं. ज्यांच्या फ्रेममध्ये जागा कमी आहे त्यांनी छापील आकड्यात दोन मिलिमीटर मिळवूनच टायर निवडावा.

पावसातली पकड चांगली. पण ती नक्षीमुळे आहे असं समजू नका. डांबरावर सायकलचा टायर इतका अरुंद आणि गोलसर असतो की आपल्या वेगाला पाण्यावर तरंगत नाही, तिथे रबराची जात आणि कमी हवा काम करते. जोतिबाच्या उतारावर ओल्या वळणांत मी आता ब्रेक कमी दाबतो. बाजूच्या गाठींचा उपयोग खऱ्या चिखलात, शेताच्या वाटेवर होतो. रस्त्यावरचे ओले पांढरे पट्टे कुठल्याच टायरला जुमानत नाहीत, तिथे जपूनच.

टायरवर बनवल्याची तारीख हवी, हे मी प्रत्येक दुकानात सांगतो. मोटारीच्या टायरवर आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत असतं. सायकलच्या महागड्या टायरवर सहसा वाचता येईल असं काहीच नसतं, आणि गोडाऊनमध्ये पडून रबर कडक झालेला माल नव्याच्या भावात गळ्यात पडतो. झीज दाखवणारे बारीक खळगे काही टायरांवर असतात, ते सगळ्यांवर असावेत. मागचा टायर मधोमध सपाट होत आलाय, अजून किती चालेल हे मला अंदाजानंच ठरवावं लागतंय.

बिनहवेचे टायर घेऊ का, असं बरेच जण विचारतात. शहरातल्या शहरात, सपाटीला, जड सायकलीला चालतील. मी घाटाला घेणार नाही, धक्के सगळे मनगटात येतात आणि पायाला ओढ लागते. टीपीयू या प्लास्टिकच्या हलक्या ट्यूब मात्र चांगल्या. चाळीस ग्रॅमच्या आसपासची ट्यूब खिशात राहते, ट्यूबलेसचा आधार म्हणून मी तीच बाळगतो. फक्त तिला नेहमीचं सोल्युशन धरत नाही, तिचे वेगळे पॅच लागतात, ते बरोबर ठेवा. कळ्याच्या पुढे कुठल्याही टपरीवर ते मिळणार नाहीत. दूधवाल्याच्या काळ्या सायकलचा २८ इंची टायर मात्र तिथल्या टपरीवर टांगलेला असतो.

पुढचा टायर अजून हंगामभर जाईल. मागचा दसऱ्याच्या आत बदलणार आहे, तोच प्रकार, पण साइडवॉल जाड असलेला, आणि दुकानात माझ्या रिमवर हातानं चढवून-उतरवून बघितल्याशिवाय पैसे देणार नाही. कुणी ४० मिमीचा जाड बाजूचा टायर २१ मिमीच्या रिमवर वापरत असेल, तर तो अंगठ्यानं चढतो का आणि मडगार्डखाली किती जागा उरते, एवढं जरूर कळवा.