‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’ कचऱ्याच्या पिशव्या, सहा महिने वापरल्यानंतर

जानेवारीत सियागंजातून या हिरव्या पिशव्यांचे दोन रोल आणले. वर झाडाचं पान छापलेलं, खाली ‘निसर्गात मिसळून जाते’, आणि दुकानातले भैया पण म्हणाले मातीत टाकली की खलास. पिशवी म्हणून तक्रार नाही हं, ओल्या कचऱ्याचं पाणी गळत नाही, गाठ घट्ट बसते. पण साध्या काळ्या पन्नीपेक्षा पैसे जास्त दिले ते त्या पानासाठीच, म्हणून म्हटलं बघूच.

एक पिशवी गच्चीवर विटेखाली अंथरली आणि एक कंपोस्टच्या ड्रममध्ये भाजीच्या सालांखाली दाबली. इंदूरचा मे कसा असतो तुम्हाला माहितीये. महिना संपता संपता गच्चीवरची उचलायला गेले तर दोन बोटांत पापडासारखी चुरली, बोटांना हिरवी भुकटी चिकटली आणि अर्धी वाऱ्याने उडून शेजारच्या वहिनींच्या मोगऱ्याच्या कुंडीत. ड्रममधली मात्र धुतली तर जशीच्या तशी, पानसुद्धा स्पष्ट!

मग वाचत बसले. ही पिशवी मुळात पॉलिथिनचीच, आणि पॉलिथिनचे रेणू म्हणजे कार्बनच्या खूप लांब साखळ्या, तशा सहजी न तुटणाऱ्या. या पिशव्यांत लोखंड, मँगनीज किंवा कोबाल्टचे क्षार मिसळतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी साखळीत कुठेतरी सुरुवात होते, तिथे हवेतला ऑक्सिजन चिकटतो, आणि हे क्षार ती साखळी तुटायचं काम भराभर पुढे रेटतात. लांब साखळी तुकडे-तुकडे झाली की प्लास्टिकची लवचिकता जाते, म्हणून तो पापड. म्हणजे याला ऊन हवं, ऊब हवी, ऑक्सिजन हवा, आणि कचऱ्याच्या ढिगाखाली ऊन कुठून येणार? आणि तुकडे झाले तरी ते प्लास्टिकच. जीवाणूंना खाता येण्याइतके रेणू लहान व्हायला किती काळ लागेल ते पिशवीवर लिहिलेलंच नाही. युरोपियन युनियनने असल्या प्लास्टिकवर जुलै २०२१ पासून बंदीच घातलीये.

मला जास्त लागलं ते आपल्या गावासाठी. आपण घरोघर सहा प्रकारे कचरा वेगळा करतो, ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला, म्हणजे कचऱ्यापासून गॅस बनवणाऱ्या कारखान्याला जातो, २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा रोज ५५० टनांची क्षमता होती त्याची. ‘मिसळून जाते’ यावर विश्वास ठेवून कुणी ही पिशवी ओल्यातच टाकली तर प्लांटवाल्यांनी ती वेचत बसायची का? सुक्यात टाकावी तर रिसायकलिंगमध्ये हेच क्षार नव्या मालात उतरणार आणि तोही लवकर ठिसूळ होणार.

खरंच कुजणारी हवी असेल तर पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ शब्द आणि आयएस १७०८८ हा भारतीय मानकाचा नंबर बघा, नुसतं हिरवं पान नको. तीही मोठ्या कंपोस्ट प्लांटमधल्या ५८ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत नीट कुजते, घरच्या ड्रममध्ये तेवढी ऊब टिकत नाही. आई तर ओल्याच्या डब्यात पेपर घालते आणि मी पण आता तेच सुरू केलंय.

पाचपैकी दोन स्टार, ते मजबुतीचे. उरलेला रोल सॅनिटरीच्या डब्याला लावतेय. वहिनी मोगऱ्याला पाणी घालताना अजून हिरवे कपचे वेचतात, मी पण जाते मदतीला.