गिटहबचा रेस्ट एपीआय : यूआरएलच्या मांडणीचे परीक्षण

गिटहब ही कोड साठवण्याची सेवा. तिच्या रेस्ट एपीआयचा, म्हणजे इतर प्रोग्रॅमना यूआरएलमार्फत (वेबपत्त्यांमार्फत) तिच्याशी बोलता यावे यासाठीच्या व्यवस्थेचा, सर्वांत मोठा गुण असा की डॉक्युमेंटेशन फारसे न उघडताही त्याचे बरेचसे यूआरएल अंदाजाने लिहिता येतात. ‘/रेपोज/मालक/रेपो/इश्यूज/४२’ असा पत्ता समोर आला की कोणाच्या, कोणत्या रिपॉझिटरीतला (प्रकल्पाच्या कोड-भांडारातला), कितवा इश्यू (नोंदवलेली अडचण किंवा सूचना) हे वाचताक्षणी कळते. शेवटचा आकडा खोडला की इश्यूंची यादी मिळणार, हेही वेगळे सांगावे लागत नाही. ‘गेट’, ‘क्रिएट’ यांसारखी क्रियापदे यूआरएलमध्ये जवळजवळ नाहीत. ते काम एचटीटीपी मेथडकडे, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या पुट, डिलीट, गेट यांसारख्या आदेशाकडे, आहे. रिपॉझिटरीला स्टार द्यायचा असेल तर ‘/यूजर/स्टार्ड/मालक/रेपो’ या पत्त्यावर पुट, काढायचा असेल तर तिथेच डिलीट, आणि दिलेला आहे की नाही हे पाहायचे असेल तर गेट, ज्याचे उत्तर २०४ (आहे) किंवा ४०४ (नाही) असे येते. पुल रिक्वेस्टच्या (कोडमधला बदल स्वीकारण्याच्या विनंतीच्या) पत्त्याअखेरचा ‘मर्ज’ (बदल सामील करणे) हा शब्द क्रियापदच आहे, अशी तक्रार नियमांचे कट्टर भोक्ते करतील. पण ओढूनताणून नाम बनवण्यापेक्षा तो बरा, असे माझे मत आहे.

कॉमेंटच्या बाबतीत दाखवलेला संयम मला विशेष आवडला. एखाद्या इश्यूवरच्या सगळ्या कॉमेंट हव्या असतील, तर पत्ता ‘इश्यूज/४२/कॉमेंट्स’ असा आहे. मात्र एकच कॉमेंट बदलायची किंवा काढायची झाली, तर पत्ता ‘इश्यूज/कॉमेंट्स/आयडी’ असा होतो आणि ४२ हा आकडा त्यातून गळतो. प्रथमदर्शनी ही विसंगती वाटते, परंतु त्यामागचा विचार पक्का आहे: कॉमेंटला स्वतःची ओळख असताना तिच्या पित्याचा क्रमांक प्रत्येक वेळी सोबत वागवण्याचे कारण नाही. अनेक एपीआयमध्ये अशा ठिकाणी एकात एक घुसवलेल्या पातळ्यांची साखळी इतकी लांबते की क्लायंटला (एपीआय वापरणाऱ्या प्रोग्रॅमला) न लागणारे तीन-चार आयडी केवळ पत्ता पुरा करण्यासाठी सांभाळावे लागतात. गाळणी आणि क्रमवारी येथे क्वेरी स्ट्रिंगमध्ये (पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढच्या भागात) जाते, उदाहरणार्थ ‘?स्टेट=क्लोज्ड&सॉर्ट=अपडेटेड’. यादीच्या एका पानावर बहुधा ३० नोंदी येतात, मागितल्यास १०० पर्यंत मिळतात, आणि पुढच्या पानाचा तयार यूआरएल लिंक हेडरमध्ये (हेडर म्हणजे विनंती किंवा उत्तरासोबत जाणारी जादा माहिती) येत असल्याने तो स्वतः जुळवावा लागत नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. ‘/यूजर/रेपोज’ आणि ‘/यूजर्स/नाव/रेपोज’ हे दोन पत्ते दिसायला सख्खे भाऊ आहेत, पण पहिला टोकनधारकाच्या (टोकन म्हणजे ओळख पटवणारी किल्ली), परवानगी असल्यास खाजगीही, रिपॉझिटरी देतो, तर दुसरा कोणाच्याही फक्त सार्वजनिक. एवढा मोठा फरक एका अक्षरावर सोपवणे मला पटत नाही. जोडशब्दांचाही एक नियम नाही: ‘रिक्वायर्ड_स्टेटस_चेक्स’मध्ये अंडरस्कोर, तर ‘कोड-स्कॅनिंग’मध्ये हायफन. वेबसाइटवर पुल रिक्वेस्टच्या पत्त्यात ‘पुल’ असते आणि एपीआयमध्ये ‘पुल्स’, त्यामुळे ब्राउझरमधला पत्ता उचलून एपीआयला दिला की फसगत ठरलेली. याहून गंभीर म्हणजे गिटहबच्या दृष्टीने प्रत्येक पुल रिक्वेस्ट हा इश्यूही असतो आणि दोघांचे क्रमांक एकाच मालिकेतले असतात. म्हणून ‘इश्यूज’ची यादी मागितली तरी तीत पुल रिक्वेस्टही येतात. नोंदीत ‘पुल_रिक्वेस्ट’ ही की (फील्ड) आहे का, हे न तपासता नुसती मोजदाद केली तर आकडा चुकतो. येथे यूआरएल वाचायला सोपा आहे खरा, पण तो सांगतो त्याहून जास्त देतो.

आवृत्तीचा क्रमांक पत्त्यात नाही. २०२२ पासून तारखेच्या रूपातली आवृत्ती हेडरमध्ये पाठवता येते, आणि २०२२-११-२८ ही त्यातली पहिली. पत्ते त्यामुळे स्थिर राहतात. मात्र नुसत्या यूआरएलची नोंद ठेवणाऱ्या लॉगमध्ये कोणता क्लायंट कोणत्या आवृत्तीवर आहे, हे दिसत नाही. जेथे हेडर पाहण्याची सोय नाही, तेथे मी पत्त्यातच ‘/व्ही१’ असा आवृत्तीक्रमांक लिहिण्याचा ढोबळ मार्गच पत्करेन.

नावांवर आधारलेल्या पत्त्यांची किंमत नाव बदलले की कळते. रिपॉझिटरीचे नाव बदलल्यावर जुना पत्ता ३०१ (कायमचे स्थलांतर) हे उत्तर देऊन नव्याकडे पाठवतो, ही सोय उत्तम आहे. पण क्लायंट रीडायरेक्ट पाळणारा हवा, आणि जुन्याच नावाने मालकाने नवी रिपॉझिटरी उघडली की तो रीडायरेक्ट संपतो व जुना पत्ता भलतीकडेच नेतो. म्हणून डेटाबेसमध्ये दीर्घकाळ ठेवायच्या नोंदीसाठी मालक आणि रेपो यांच्या नावांसोबत उत्तरात येणारा अंकी आयडीही साठवावा.